मदत हवी आहे: टेक्सासमध्ये रानडुकरासाठी .३०८ ची कोणती काडतुसं घ्यावीत?

मेस्किट
नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या वायव्येला लॅनो काउंटीत मित्राचं रँच आहे. ओटाच्या शेतात आणि मक्याच्या फीडरखाली रानडुकरांचे कळप येतात. मालकाची परवानगी आहे. रायफल बोल्ट अॅक्शन, .३०८ विंचेस्टर (काडतुसाचा प्रकार), नळी २२ इंच, ट्विस्ट १:१० (नळीतल्या खाचा १० इंचांत एक फेरा घेतात), स्कोपची क्लिक पाव एमओए (१०० यार्डांवर साधारण पाव इंच). मचाणावरून अंतर ६० ते १२० यार्ड, वेळ बहुधा दिवेलागणीची. मांस खायचं आहे.

दुकानात चार प्रकार दिसले: १४७ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) फुल मेटल जॅकेट (शिशावर पूर्ण धातूचं आवरण, सगळ्यात स्वस्त), १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंट (टोकाचं शिसं उघडं), १६८ ग्रेन मॅच (नेमबाजीच्या स्पर्धेची) आणि १५० ग्रेन संपूर्ण तांब्याची. कोणतं घेऊ आणि किती खोकी? झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर) किती यार्डांवर ठेवू? मित्राकडे .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट काडतुसांच्या एआर (अर्धस्वयंचलित रायफली) पण आहेत, त्या जास्त सोयीच्या पडतील का? मी एच-वन-बीवर आहे, त्याने काही फरक पडतो का?

हिलकंट्री
शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. फरक पडतो, आणि मोठा पडतो.

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. हे वाचून लोक लायसन्स काढायचं सोडून देतात. पण फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला (एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर सगळे आले) बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगायला मनाई आहे. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. म्हणजे डुकरासाठी नको असलेलं लायसन्स तुम्हाला काडतुसांसाठी हवंच. रायफल मित्राची असली तरी हेच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर टेक्सासमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो. १७ वर्षं पूर्ण झालेल्यांना तो ऑनलाइन पुरा करता येतो. हे दोन्ही हातात आल्याशिवाय खोकं विकत घेऊ नका.

(वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं टेक्सासपुरतं आहे. भारतात रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तिथले नियम पूर्ण वेगळे.)

जुना नेमबाज
काडतुसाकडे येतो. तुमच्या चारपैकी दोन बाद: फुल मेटल जॅकेट आणि मॅच.

डुकराच्या बाबतीत गोळीने दोन कामं करायला हवीत. आत फुलायला (टोक पसरून रुंद व्हायला) हवं आणि पलीकडून बाहेरही पडायला हवं. मोठ्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली चिवट, कुर्च्यासारखी ढाल असते. त्यामागे चरबीचा थर आणि वर चिखलाने थापलेले राठ केस. गोळी आतच राहिली तर आत शिरलेलं भोक चरबीने बुजतं, रक्त बाहेर येत नाही आणि मेस्किटच्या काटेरी झाडोऱ्यात माग हरवतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात मग मांस हाती लागेपर्यंत खराब झालेलं असतं.

फुल मेटल जॅकेट फुलत नाही. सुईसारखी आरपार जाते, जनावर लांब पळून हालहाल होऊन मरतं, आणि गोळी पुढे दगडावर आपटून भलतीकडे जाते किंवा मागच्या पिल्लाला लागते. अनेक राज्यांत मोठ्या जनावरांसाठी तिला बंदीच आहे. ती सरावाला वापरा.

मॅच गोळी कागदावर भोक पाडायला बनवलेली असते. तिच्या टोकाला छिद्र असतं म्हणून ती फुलेल असं वाटतं, पण ते छिद्र बनवण्याच्या पद्धतीमुळे उरलेलं असतं. जॅकेट पातळ. एकदा फुटते, एकदा तशीच आरपार जाते, भरवसा नाही.

उरल्या सॉफ्ट पॉइंट आणि तांब्याची. सॉफ्ट पॉइंटमध्ये शक्यतो बॉन्डेड घ्या, म्हणजे शिसं जॅकेटला चिकटवलेलं असतं आणि हाडावर आपटून सुटत नाही. फेडरल फ्यूजन १५० किंवा १६५ ग्रेनमध्ये मिळते. साधी सॉफ्ट पॉइंट डुकरिणींना आणि मध्यम नरांना पुरते. पण ६० यार्डांवर वेग अजून भरपूर असतो, अशा वेळी मोठ्या नराच्या फऱ्याच्या हाडावर ती तुटू शकते. प्लॅस्टिकच्या टोकाच्या, झटकन फुलणाऱ्या गोळ्यांची हीच अडचण.

तांब्याची (बार्न्स टीटीएसएक्ससारखी) पाकळ्या उघडून वजन जवळजवळ सगळं राखते आणि बहुतेक वेळा पलीकडे निघते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला जास्त ट्विस्ट लागतो. तुमच्या १:१० ला १५० ग्रेनची काही अडचण नाही. आरपार जाणार हे धरूनच नेम घ्या. मागे दुसरं डुक्कर नको, मातीचा उतार हवा.

खोक्यावरचा वेग (१५० ग्रेनला साधारण २,८२० फूट प्रतिसेकंद) सहसा २४ इंची नळीचा असतो. दर इंचाला २०–२५ फूट कमी धरा. १२० यार्डांपर्यंत याने काहीच बिघडत नाही.

मेस्किट
लायसन्सचं माहीत नव्हतं, आधी तेच करतो. मग बॉन्डेड १५० आणि तांब्याची १५०, दोन्ही थोडी थोडी घेऊन ठेवू का?

जुना नेमबाज
चाचणीसाठी दोन्हीचं एकेक खोकं घ्या, पण शिकारीला एकच. वजन सारखं असलं तरी दोन्ही एकाच ठिकाणी लागतील असं नाही.

नळी आधी स्वच्छ करा, जुन्या गोळ्यांचा तांब्याचा थर राहिला तर गट (कागदावर लागलेल्या गोळ्यांचा घोळका) विस्कटतो. २५ यार्डांवर बाकावरून सुरुवात करा. तिथे एक क्लिक म्हणजे एक-षोडशांश इंच, त्यामुळे चुकलेल्या प्रत्येक इंचाला १६ क्लिक. मग १०० यार्डांवर जा, तिथे इंचाला ४. तीन-तीन बार काढा आणि मध्ये नळी गार होऊ द्या. गरम नळीचा गट बघून स्कोप फिरवत बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. दोन इंचांत तीन गोळ्या बसल्या की या अंतराला पुरे. जिचा गट बरा, तिची आणखी तीन खोकी एकाच लॉटची (एकाच वेळी बनलेली) घ्या. लॉट क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. २० च्या खोक्याने ६० काडतुसं होतात, पक्क्या झिरोला आणि मोसमाला पुरतात.

१०० ला झिरो असेल तर ६० ते १२० मध्ये वर-खाली काही धरायचं नाही. २०० ला गोळी साधारण ४ इंच खाली जाते, पण दिवेलागणीला २०० वर मारूच नका.

नेमाचं सांगतो, कारण उत्तम गोळीसुद्धा इथेच वाया जाते. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणासारखा फऱ्यामागे नेम धरला तर गोळी यकृतात नाहीतर पोटात जाते. पाठीवरच्या केसांमुळे अंग आहे त्यापेक्षा उंच दिसतं, म्हणून लोक वरही मारतात. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक-तृतीयांश उंचीवर धरा. नेमाची जागा हाताच्या पंजाएवढीच आहे. तिरकं, पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी निघेल असं धरा. आपल्याकडे तोंड करून असेल तर थांबा.

हिलकंट्री
एआरबद्दल. .२२३ ने डुक्कर मरतं, पण ६२ ग्रेनची बॉन्डेड किंवा तांब्याची गोळी हवी, आणि नेमात चुकीला जागा कमी. .३०८ हातात असताना त्या वाटेला जाऊ नका.

.३०० ब्लॅकआउट १०० यार्डांच्या आत ११० ग्रेन तांब्याच्या गोळीने छान चालते. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) २२० ग्रेन मॅच मात्र नको. वेग हजार फुटांच्या आसपास, गोळी फुलतच नाही. सबसॉनिकमध्ये त्या वेगाला फुलणारी म्हणूनच बनवलेली हवी.

एक धोका मित्रालाही सांगा. .२२३ आणि ब्लॅकआउटची मॅगझिन एकच, बोल्ट एकच, फरक फक्त नळीचा. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीमागच्या काडतुसाच्या खोबणीत) बसू शकतं. चाप ओढला की .३०८ इंच व्यासाची गोळी .२२४ इंचाच्या नळीत अडकते आणि रायफल फुटते. मॅगझिन वेगवेगळ्या रंगांची ठेवा आणि दोन्ही काडतुसं एकाच पिशवीत कधीच नेऊ नका.

रानचूल
खाणार आहात तर माझं मत तांब्याला. शिशाची गोळी फुटली की कण जखमेपासून बरेच लांब जातात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर हा विचार आधी करा. शिशाचीच वापरली तर जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने कापून टाका, ते खिम्यात घालू नका.

सोलताना रबरी हातमोजे हवेतच. रानडुकरांत ब्रुसेला (माणसालाही लागणारा जिवाणू) असतो, हाताच्या बारीक चिरेतूनही लागण होते. शिजताना आतलं तापमान १६० फॅरेनहाइट झालं पाहिजे. कुत्र्याला कच्चं मांस किंवा आतडी घालू नका, स्यूडोरेबीजने (डुकरांतल्या विषाणूच्या रोगाने) कुत्रा मरतो.

मेस्किट
सगळ्यांचे आभार. बॉन्डेड आणि तांब्याचं एकेक खोकं घेऊन चाचणी करतो, गट सारखेच आले तर तांब्याची. लायसन्स आत्ता काढलं तर वर्षभर चालेल ना?

हिलकंट्री
नाही. टेक्सासचं लायसन्स कधीही काढलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. नवं ऑगस्टच्या मध्यापासून मिळतं, ते ३१ तारखेच्या आतच काढा. एक दिवसाचा खंड पडला तरी त्या दिवशी घरातल्या कपाटातली काडतुसं बेकायदेशीर ठरतात.