मदत हवी आहे: पर्यवेक्षकांच्या नेतृत्वाच्या प्रश्नावलीत सर्वांनाच साडेचार गुण आले आहेत

चाकण_मनुष्यबळ
नमस्कार. मी चाकण औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. पर्यवेक्षकांचे नेतृत्व आणि त्यांचे कामगिरी व्यवस्थापन मोजण्यासाठी आम्ही २८ विधानांची, पाच पर्यायांची मराठी प्रश्नावली कामगारांकडून भरून घेतली. जवळजवळ प्रत्येक पर्यवेक्षकाची सरासरी ४.४ ते ४.७ च्या दरम्यान आली आहे. क्रॉनबॅक अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप) ०.९४ आहे आणि नेतृत्व व कामगिरी व्यवस्थापन यांतील सहसंबंध ०.८१ आहे. तरीही व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, कोणाला प्रशिक्षणाला पाठवायचे हे यातून कळत नाही. गुणांतला फरक ठळक दिसेल अशी सांख्यिकी पद्धत हवी आहे. शुक्रवारी सादरीकरण आहे, कृपया थेट सूत्र सांगावे.

सांख्यिकी_शिक्षक
सूत्राआधी काही गोष्टी कळायला हव्यात. पर्यवेक्षक किती आणि प्रत्येकाविषयी किती जणांनी लिहिले? अर्जावर नाव होते का? अर्ज कोणी वाटले आणि कोणी गोळा केले? २८ विधानांपैकी नकारार्थी किती होती आणि त्यांचे गुण उलटे (५ चा १, ४ चा २ असे) करून घेतले का?

शोधार्थी
माझ्या पीएच.डी.साठी मी बास आणि अव्होलिओ यांची एमएलक्यू ही नेतृत्व मोजणारी प्रमाणित प्रश्नावली वापरत आहे. तिच्यात ४५ विधाने असून त्यांतली ३६ नेतृत्वशैलीची आणि ९ परिणामांची आहेत. प्रमाणित साधन सोडून घरी तयार केलेली प्रश्नावली वापरल्यावर असेच होणार. मात्र एमएलक्यूसाठी परवाना विकत घ्यावा लागतो आणि भाषांतरासाठीही परवानगी लागते. नमुना किमान किती असावा यावर मी एक टिपण केले आहे, हवे असल्यास येथे देते.

चाकण_मनुष्यबळ
नमुन्याचा प्रश्नच नाही, २१२ अर्ज आले आहेत आणि पर्यवेक्षक ११ आहेत. नवीन प्रश्नावलीसाठी वेळ नाही. नाव विचारले नव्हते, फक्त टोकन क्रमांक घेतला होता. पाळी सुटताना पर्यवेक्षकांनीच अर्ज वाटले आणि जमा करून आमच्याकडे दिले. चार विधाने नकारार्थी होती, ती मी आहेत तशीच धरली आहेत.

निवृत्त_व्यवस्थापक
मी ३१ वर्षे उत्पादन विभागात काढली. माणसाचे नेतृत्व कागदावर खुणा करून मोजता येत नाही, हे माझे ठाम मत आहे. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या मनुष्यबळ विकासाच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रोसाठी जी मांडणी केली, तिच्यात मूल्यमापनाच्या जोडीला कर्मचाऱ्याशी संवाद आणि त्याचा विकास यांना स्थान होते. ताई, प्रत्येक विभागातील पाच-पाच माणसांना बोलावून त्यांच्याशी बोला, प्रश्नावलीची गरजच उरणार नाही.

सांख्यिकी_शिक्षक
सर, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण ज्या कामगाराला टोकन क्रमांक लिहिताना धास्ती वाटते तो मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बसून मोकळेपणाने बोलेल, असे आपण कशावरून धरता? भीती दोन्हीकडे सारखीच राहील.

ताई, टोकन क्रमांक म्हणजे नावच. आता अल्फाकडे पाहा. विधाने एकमेकांशी किती जुळतात एवढेच तो सांगतो. ती सप्रमाण आहेत की नाहीत, म्हणजे जे मोजायचे तेच मोजतात की नाही, हे त्यावरून ठरत नाही, शिवाय विधानांची संख्या वाढली की तो वाढतोही. तुम्ही नकारार्थी विधाने उलटी केलेली नसतानाही अल्फा ०.९४ आला आहे. याचा अर्थ, ‘माझे पर्यवेक्षक मला सन्मानाने वागवतात’ आणि ‘ते चूक दाखवताना चारचौघांत अपमान करतात’ अशा परस्परविरोधी विधानांपुढे एकाच माणसाने एकाच रकान्यात खूण केली असण्याची दाट शक्यता आहे. अर्जांचे कागद हाताशी असतील तर ते एकदा डोळ्यांनी पाहा.

पाळी_दोन
मी याच भागातल्या दुसऱ्या एका कारखान्यात मशीनवर काम करतो. आमच्याकडेही असा अर्ज आला होता आणि तो वेतनवाढीच्या महिन्यात आला होता. साहेब दाराशी उभे होते, बस सुटायला सात मिनिटे होती. मी वरपासून खालपर्यंत ‘पूर्णतः सहमत’वर खुणा केल्या. त्यात ‘पर्यवेक्षक नियमित प्रत्याभरण देतात’ असे एक वाक्य होते. माझ्या शेजारच्याला वाटले की पगारातून कसला तरी भरणा कापतात का, असे विचारले आहे. ‘तुमचे काम बरोबर की चूक हे साहेब वेळच्या वेळी सांगतात का’ असे विचारले असते तर त्याला नक्की कळले असते.

शोधार्थी
म्हणूनच पुनर्भाषांतर करावे लागते. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सांगितलेली ती रीत आहे: एकाने मराठीत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे.

सांख्यिकी_शिक्षक
पुनर्भाषांतरात ‘प्रत्याभरण’ बिनबोभाट पार होईल, कारण दुसऱ्या भाषांतरकारालाही तो शब्द माहीत असतो. येथे दहा-बारा कामगारांना विधान वाचायला देऊन ‘यातून तुम्हाला काय समजले’ असे विचारणारी पूर्वचाचणीच हवी.

सहसंबंधाविषयीही सावध राहा. एकाच माणसाने एकाच बैठकीत, एकाच कागदावर दोन्ही गोष्टींना गुण दिले की सहसंबंध फुगतो. नेतृत्व चांगले म्हणून कामगिरी व्यवस्थापन चांगले, असा निष्कर्ष ०.८१ वरून मांडू नका. कामगिरी व्यवस्थापनाची बाजू नोंदींवरून तपासता येईल: उद्दिष्टे वर्षाच्या सुरुवातीला लिहून दिली होती का, सहामाही चर्चा झाली का, तिच्यावर कामगाराची सही आहे का.

निवृत्त_व्यवस्थापक
नोंदींचा मुद्दा मला पटतो. पण सह्या एकाच दिवशी एकगठ्ठा घेतलेल्या असतात, हेही मी पाहिले आहे. तारखा तपासा.

चाकण_मनुष्यबळ
काल रात्री सर्व अर्ज घरी आणून पाहिले. २१२ पैकी १३७ अर्जांत २८ च्या २८ खुणा एकाच रकान्यात आहेत, नकारार्थी विधानांसह. एका पाळीच्या १९ अर्जांवर तर एकाच हिरव्या शाईच्या, एकाच वळणाच्या खुणा आहेत. टोकन क्रमांक मात्र वेगवेगळे आहेत. हे पाहून मला फार वाईट वाटले, कारण ‘तुमच्या उत्तरांवरून सुधारणा करू’ असे मी स्वतः फलकावर लिहिले होते. उरलेल्या ७५ अर्जांवरून क्रमवारी लावता येईल का?

सांख्यिकी_शिक्षक
लावू नका. जे एका रकान्यात अडकले नाहीत, ते सर्वांचे प्रतिनिधी आहेत असे धरता येत नाही, आणि काही पर्यवेक्षकांच्या वाट्याला तीन-चारच अर्ज उरतील. एका पर्यवेक्षकाच्या हाताखालच्यांची उत्तरे आपसात बऱ्यापैकी जुळणे आणि निरनिराळ्या पर्यवेक्षकांत फरक दिसणे, या दोन्ही गोष्टी असतील तरच सरासरी त्या माणसाविषयी काही सांगते. शुक्रवारी कोणाचाही गुण दाखवू नका. १३७ चा आकडा दाखवा आणि वेतनवाढीनंतर दोन महिन्यांनी फेरसर्वेक्षणाची मुदत मागा. टोकन क्रमांकाला फाटा द्या, विधाने १२ ते १५ ठेवा आणि पर्यवेक्षकांना या कामात घेऊ नका.

पाळी_दोन
पेटी कॅन्टीनमध्ये ताटे ठेवतो तिथे ठेवा. तिथे कोणी साहेब येत नाही.

चाकण_मनुष्यबळ
मुदत मागते. अर्जावर पर्यवेक्षकाचे नाव तर छापावेच लागेल. त्याच्यासोबत पाळी आणि नोकरीची वर्षे विचारली तर चालेल का?

पाळी_दोन
नोकरीची वर्षे नकोत ताई. आमच्या लाईनवर १८ वर्षे झालेला माणूस एकच आहे.