सियासियाची ओळख फक्त बंदीपुरती नाही

कुणीतरी लिहिलंय की सॅमसन सियासिया म्हणजे फिफाने (जागतिक फुटबॉल महासंघाने) बंदी घातलेला प्रशिक्षक, बाकी काही नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं. १९९४ च्या विश्वचषकात अर्जेंटिनावर आठव्याच मिनिटाला गोल मारणारा नायजेरियाचा स्ट्रायकर हाच. सामना २-१ असा हातचा गेला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो मॅराडोनाचा शेवटचा विश्वचषक सामना म्हणून.

नायजेरियाच्या युवा संघांचा प्रशिक्षक झाल्यावरही अर्जेंटिनाने त्याची पाठ सोडली नाही. २००५ चा वीस वर्षांखालील विश्वचषक, अंतिम सामना: मेस्सीच्या दोन पेनल्टी, पुन्हा २-१. २००८ बीजिंग ऑलिंपिक, पुन्हा अंतिम सामना: अर्जेंटिनाच्या डी मारियाचा एकमेव गोल, नायजेरियाला रौप्यपदक. पण पोरांना घडवून दोनदा तिथवर नेणं सोपं आहे का हो? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तर संघ पहिल्या सामन्याच्या जेमतेम काही तास आधी ब्राझीलला पोचला, तरी जपानला ५-४ ने हरवलं आणि शेवटी कांस्य मिळवलं! सीनियर संघाबरोबर मात्र जमलं नाही, २०१२ च्या आफ्रिका चषकाची पात्रताही हुकली.

बंदीबद्दल: सामन्यांत फेरफार करण्यासाठी लाच घ्यायला तयार झाल्याबद्दलची २०१९ ची आजीवन बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०२१ मध्ये पाच वर्षांवर आणली. दोष पुसला गेला नाही, पण पहिल्याच गुन्ह्याला आजीवन बंदी अवाजवी आहे, असं लवादानेच म्हटलंय.