टँकशेजारी कोणती झाडं लावावीत? (बावधन, पश्चिमेला आडोसा हवा आहे)

परसदार:
बंगल्यामागे ८ × ४ मीटरचा स्विमिंग टँक आहे. लांब बाजू पश्चिमेच्या कंपाउंड वॉलला समांतर, मध्ये साडेतीन मीटर जागा. भिंतीपलीकडे सहा मीटरवर इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सगळा टँक दिसतो. आडोसा हवाय, दुपारचं ऊनही अडलं तर दुधात साखर. नर्सरीवाला फायकस नाहीतर बांबू सांगतोय. वर दीड फूट काळी माती, खाली मुरूम. घरात लहान मुलं आहेत. शेजारच्या प्लॉटमधल्या बुचाची फुलं टँकमध्ये पडतात, ती वेगळीच डोकेदुखी. काय लावू आणि किती अंतरावर?

कुंडीतला_माळी:
फायकस नकोच. वड, पिंपळ, उंबर, रबर आणि फायकस ही सगळी एकाच घरातली. ओल दिसेल तिकडे मुळं धावतात. साडेतीन मीटरच्या पट्टीत त्यांना थारा देऊ नका. बेटाचा बांबू मुळांनी फारसा त्रास देत नाही, पण त्याची पानं बारमाही गळतात. ती अरुंद पानं स्किमरमधून (पाण्यावरचा तरंगता कचरा ओढून घेणारं काठावरचं तोंड) निसटतात आणि पंपाच्या जाळीवर थर धरतात. प्रवाह कमी झाला की लोक फिल्टरला दोष देतात.

मुळांइतकाच विचार काय गळतं आणि वारा ते कुठे नेतो याचा करा. पुण्यात जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, म्हणजे तुमच्या भिंतीकडून थेट टँककडे. या बाजूला गुलमोहर, सोनमोहर, शेवगा, कडुनिंब असली बारीक पानांची झाडं लावलीत तर रोज जाळी घेऊन उभं राहावं लागेल. कुंतीचं कुंपण सगळे सुचवतात. वास छान, पण बहर आला की पाकळ्यांचा सडा पाण्यावर. बॉटलब्रशचे तंतूही तसेच, शिवाय मधमाश्या येतात आणि टँकभोवती सगळे अनवाणी असतात. जांभूळ, देशी बदाम म्हणजे फरशीवर डाग आणि रात्री वटवाघळं. मुलं आहेत तर कण्हेर आणि बिट्टी दोन्ही नकोत, विषारी आहेत.

आता आडोसा. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाची नजर साडेदहा मीटरवर धरा. तिथून टँकच्या पलीकडच्या काठापर्यंत रेघ ओढली तर तुमच्या भिंतीजवळ ती साधारण साडेपाच मीटरवरून जाते. म्हणजे सहा मीटरचं झाड पुरे, बारा मीटरचं नको.

त्यासाठी उंच अशोक, तोच सरळसोट वाढणारा. भिंतीपासून ६० सेंटीमीटर आत, दोन झाडांत सव्वा मीटर. सहा मीटरवर शेंडा मारा, म्हणजे बाजूने भरतो आणि वादळात कलंडायची भीतीही कमी होते. वसंतात पानं गळतात, पण लांब असल्यामुळे जाळीत एका फेऱ्यात येतात. फळं धरू देऊ नका, वटवाघळं त्यावरही येतात.

अशोकांपुढे चाफा (देवचाफा, सोनचाफा नव्हे) लावा, काठापासून दोन मीटरवर. पान मोठं, मुळं मांसल आणि आटोपशीर. फांदी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं नसताना घ्या, दोन-अडीच फुटांची. चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. काळ्या मातीत तशीच खोचली तर हमखास कुजते. तेवढ्या जागी मुरूम आणि वाळू मिसळून नऊ इंचांचा उंचवटा करा. पावसाळ्यात पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली की गळायची वाट न बघता हातानेच काढून टाका. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

विटा_वाळू:
मुळांबद्दल थोडं. धडधाकट काँक्रीट मुळं सहसा फोडत नाहीत. जिथे आधीच पाझर आहे, पाइपचा सांधा किंवा कोपिंगखालची (टँकच्या काठावरच्या फरशीखालची) फट, तिथे ती पोचतात. म्हणून झाडं लावण्याआधी गळती तपासा. पायरीवर बादली ठेवा, बादलीत आणि टँकमध्ये पाणी एका पातळीला आणून खूण करा. पंप बंद ठेवा. २४ तासांनी टँकचं पाणी बादलीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरहून जास्त उतरलं असेल तर आधी प्लंबर, मग माळी.

दुसरं, टँकभोवतीचा भराव. तो बऱ्याचदा नीट दाबलेला नसतो. त्यात झाड लावून रोज ठिबक सोडलंत की भराव बसतो, डेकच्या फरश्या खचतात आणि बोल झाडाला लागतो. ठिबकच्या तोट्या भिंतीच्या बाजूला ठेवा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे डेक आणि कोपिंग यांच्यातला लवचीक सांधा सिमेंटने बुजवू नका.

मुळांना आडकाठी म्हणून एक मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (टणक प्लास्टिक) पत्रा ७५ सेंटीमीटर खोल उभा गाडा, वर ५ सेंटीमीटर बाहेर. काठापासून मीटरभर, झाडांच्या रांगेच्या दोन्ही टोकांपुढे दोन-दोन मीटर. जोड ३० सेंटीमीटर एकावर एक. खणण्याआधी रिटर्न लाइन (फिल्टरचं पाणी टँकमध्ये परत आणणारा पाइप) कुठून गेली आहे ते खडूने आखून घ्या. बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुताना निघणारं पाणी झाडांना नको. क्लोरिन असतंच, आणि मिठापासून क्लोरिन बनवणारा क्लोरिनेटर असेल तर लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठही.

आणि काही झालं तरी पावसाळ्यात टँक रिकामा करून बघू नका. भोवतीच्या पाण्याचा दाब रिकाम्या टँकला वर उचलतो.

शहाळं:
नारळ कुणीच सुचवला नाही? तंतुमय मुळं, पानगळ नाही.

कुंडीतला_माळी:
मुळांपुरता उत्तम. पण वाळलेली झावळी आणि नारळ डोक्यावर पडतो, वर्षातून तीन-चारदा चढणारा माणूस लागतो. पामच हवा तर फॉक्सटेल. पण त्याचं खोड उघडं, आडोसा होत नाही.

परसदार:
अशोक आणि चाफा ठरलं. बुचाचं काय करू? शेजाऱ्यांना सांगून तोडता येईल का?

विटा_वाळू:
खासगी जागेतलं झाड असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागात विचारा. म्हणूनच तुमची झाडंही आत्ताच विचार करून लावा. बुचाचा बहर साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, तेवढे दिवस रात्री टँकवर जाळी ताणा. स्किमर कुठल्या बाजूला आहे?

परसदार:
पश्चिमेला, भिंतीकडे.

विटा_वाळू:
तिथेच घोळ आहे. पावसाळ्यात वारा तरंगता कचरा पूर्वेच्या काठाला नेतो. पुढच्या दुरुस्तीत पूर्वेला दुसरा स्किमर काढून घ्या. तोवर रिटर्नच्या तोट्या अशा वळवा की पाणी गोल फिरून स्किमरकडे येईल.