नव्वदच्या दशकातील अटलांटा ब्रेव्ह्जचे स्टार्टिंग पिचर: विजेतेपद एकच, तरीही सर्वश्रेष्ठ

अटलांटाकर

"एवढे पिचर असून मिळाले काय, तर १९९५ ची एक वर्ल्ड सिरीज" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावे असे वाटले. माझे म्हणणे असे की ग्रेग मॅडक्स, टॉम ग्लॅव्हिन आणि जॉन स्मोल्ट्झ या तिघांभोवती उभी राहिलेली अटलांटा ब्रेव्ह्ज या संघाची पिचरांची फळी ही आधुनिक बेसबॉलमधील सर्वोत्तम फळी होती, आणि विजेतेपदे कमी पडली त्याचा दोष तिच्यावर येत नाही.

ज्यांचा परिचय मुख्यतः क्रिकेटशी आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, आणि सामना साधारणपणे नऊ छोट्या इनिंगचा असतो. वर्ल्ड सिरीज ही मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका; ती चार सामने आधी जिंकणाऱ्याची, म्हणून सातवा सामना निर्णायक. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारणपणे पाच दिवसांतून एकदा उतरतो आणि मोसम १६२ सामन्यांचा असतो, त्यामुळे एका असामान्य पिचरच्या बळावर संघ सहा महिने तग धरू शकत नाही; त्याला पाच जण लागतात. १९९८ साली ब्रेव्ह्जकडे असे पाच जण होते. ग्लॅव्हिनने २०, मॅडक्सने १८, स्मोल्ट्झ आणि केव्हिन मिलवुड यांनी प्रत्येकी १७, तर डेनी नीगलने १६ सामने जिंकले. संघाच्या १०६ विजयांपैकी ८८ या पाच जणांच्या नावावर आहेत.

१९९१ ते १९९८ या आठ वर्षांत नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) साय यंग पुरस्कार, म्हणजे मोसमातील सर्वोत्तम पिचरचा मान, सहा वेळा अटलांटाच्या पिचरने मिळवला: ग्लॅव्हिनने दोनदा, मॅडक्सने सलग तीनदा आणि स्मोल्ट्झने एकदा. मॅडक्सची ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणातील चुका वगळून दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १९९४ मध्ये १.५६ आणि १९९५ मध्ये १.६३ होती, आणि तीही लीगची सरासरी चारच्या वर असताना. त्याचा चेंडू वेगवान नव्हता. तो प्लेटच्या (फलंदाजाजवळची, जिच्यावरून चेंडू जावा लागतो ती पाटी) कडेवर येऊन शेवटच्या क्षणी वळत असे, आणि फलंदाज त्याला जेमतेम स्पर्श करून जमिनीलगत मारत असे. ग्लॅव्हिन तेच काम बाहेरच्या कोपऱ्यावरील चेंजअपने (फसव्या संथ चेंडूने) करी. स्मोल्ट्झचा स्लायडर (वेगाने येऊन आडवा वळणारा चेंडू) मात्र निव्वळ भेदक होता. पिचिंग प्रशिक्षक लिओ मॅझोनी या सर्वांना दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत एकदा नव्हे, तर दोनदा हलका सराव करायला लावत; त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे श्रेय मी या पद्धतीलाही देतो.

खाडीकाठ

तुमच्या आकड्यांविषयी माझा वाद नाही, परंतु ते बहुतांशी नियमित मोसमाचे आहेत. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, मॅडक्सने ११ सामने जिंकले आणि १४ हरले. ग्लॅव्हिनने १४ जिंकले आणि १६ हरले. १९९२ मध्ये पायरेट्सविरुद्धच्या मालिकेत सहाव्या सामन्यात तर ग्लॅव्हिन दुसऱ्या इनिंगमध्ये एकही फलंदाज बाद न करता परतला आणि त्याच्या खात्यावर आठ धावा लागल्या. या तिघांत ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या दिवसांत, खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एकटा स्मोल्ट्झ, ज्याने १५ जिंकले आणि केवळ ४ हरले.

माझ्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाहा. टिम लिन्सेकम, मॅट केन आणि मॅडिसन बमगार्नर यांच्या काळात संघाने २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. २०१० च्या संपूर्ण प्लेऑफमध्ये केनने एकही अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातील चुकीशिवाय झालेली धाव) दिला नाही. २०१४ च्या सातव्या सामन्यात बमगार्नर केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर आला आणि कॅन्सस सिटीविरुद्ध पाच इनिंग एकही धाव न देता टाकून गेला. पिचरची पारख अशा रात्री होते, हे माझे ठाम मत आहे.

फिलीचा प्रेक्षक

मला एकच मुद्दा मांडायचा आहे. त्या काळातील पंच मॅडक्स आणि ग्लॅव्हिन यांना बाहेरच्या बाजूला प्लेटच्या पलीकडून गेलेल्या चेंडूवरही स्ट्राइक (पिचरच्या बाजूचा निर्णय; असे तीन झाले की फलंदाज बाद, म्हणजे स्ट्राइकआउट) देत असत, हे फलंदाज तेव्हाही सांगत होते. हेच पिचर आजच्या काटेकोर स्ट्राइक झोनमध्ये (ज्या चौकटीतील चेंडू स्ट्राइक ठरतो तिच्यात) टाकत असते तर चेंडू मधोमध आणावा लागला असता, आणि मग या आकड्यांचे काय झाले असते याचा विचार व्हायला हवा.

अटलांटाकर

स्ट्राइक झोन रुंद होता हे मला मान्य आहे, परंतु तो दोन्ही संघांसाठी रुंद होता. १९९७ मध्ये फ्लोरिडाविरुद्धच्या मालिकेतील पाचव्या सामन्यात त्याच रुंद झोनमध्ये लिव्हान हर्नांडेझने अटलांटाचे १५ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि मॅडक्स २-१ असा हरला. शिवाय कोपरा मिळतो म्हणून त्यावर चेंडू टाकता येतोच असे नाही. तो शंभरदा तिथेच टाकावा लागतो.

खाडीकाठ यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मॅडक्स प्लेऑफमध्ये जिंकला त्यापेक्षा अधिक सामने हरला, परंतु तिथेही त्याची ईआरए ३.२७ आहे, आणि ग्लॅव्हिनची ३.३०. एवढ्या कमी धावा देऊन पिचर हरतो, तेव्हा फलंदाजांनी काय केले हेही विचारले पाहिजे. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात स्मोल्ट्झने सात इनिंगहून अधिक काळ मिनेसोटाला धाव दिली नाही आणि संघ बरोबरीमुळे वाढलेल्या दहाव्या इनिंगमध्ये १-० असा हरला. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात यँकीजविरुद्ध त्याने आठ इनिंग टाकल्या. एकमेव धाव आली ती मैदानात झेल सुटल्यामुळे, आणि निकाल पुन्हा १-०. त्याच्या आदल्या रात्री ६-० ची आघाडी होती; ती आधी कमी झाली आणि अखेर बुलपेनच्या, म्हणजे मागाहून येणाऱ्या पिचरांच्या, हाती असताना आठव्या इनिंगमध्ये जिम लेरिट्झच्या होम रनने (सीमेपार फटक्याने) संपली. मी तेव्हा विद्यार्थी होतो, आणि त्या रात्री आमच्या भाड्याच्या खोलीत कोणी कोणाशी बोलले नाही.

जायंट्सविषयी मला आदर आहे. परंतु तुम्ही सांगता ती तीन विजेतेपदे एका त्रिकुटाची नाहीत. २०१२ च्या प्लेऑफमध्ये लिन्सेकम बहुतेक वेळा रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच उतरणारा पिचर) म्हणून आला, २०१४ मध्ये केन दुखापतीमुळे खेळत नव्हता. आणि बमगार्नरची ती थोर रात्र रिलीव्हर म्हणूनच होती. सामन्याची सुरुवात करणारा टिम हडसन दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर गेला होता.

खाडीकाठ

२०१२ आणि २०१४ विषयीचा मुद्दा मी मान्य करतो. 'त्रिकूट' हा शब्द मी २०१० पुरताच वापरायला हवा होता. तरीही १९९२ च्या त्या आठ धावांना फलंदाज जबाबदार नव्हते, आणि सातवा सामना माझ्या हाती असता तर मी मॅडक्स किंवा ग्लॅव्हिन यांना नव्हे, स्मोल्ट्झलाच चेंडू दिला असता.

अटलांटाकर

१९९२ ची ती इनिंग मीही विसरलेलो नाही, आणि सातव्या सामन्यासाठी माझीही निवड स्मोल्ट्झच आहे. सहाव्या सामन्यासाठी मात्र मी ग्लॅव्हिनकडे जाईन. १९९५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये प्रतिस्पर्धी क्लीव्हलँडकडे लीगमधील सर्वांत भीतिदायक फलंदाजी होती आणि ग्लॅव्हिनने त्या सहाव्या सामन्यात आठ इनिंगमध्ये त्यांना एकच हिट (यशस्वी फटका) दिला. डेव्हिड जस्टिसच्या होम रनने मिळालेली धाव त्या रात्री पुरली.