मिनी ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलला, आता चालूच होईना

द्राक्षवाला: मंडळी, बागेत फवारणीला २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, काल घरीच डिझेल फिल्टर बदलला, मिनिटभर चालला अन् जो बंद पडला तो पडलाच, नुसता स्टार्टर फिरतोय. फवारणी अडकलीय, काय करू?

जुना फिटर: डिझेलच्या लाइनीत हवा धरलीय दादा. टाकीत डिझेल भरपूर ठेवा, कॉक उघडा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू ढिला करून डिझेल ढकलायचा इंजिनावरचा छोटा हातपंप मारत रहा, आधी फेस येईल, मग बुडबुड्याशिवाय सलग धार लागली की स्क्रू आवळा. तरी नाहीच झाला तर इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारतो तो) पाइपांचे नट जरासे ढिले करून स्टार्टर मारा, पण तिथं हात नेऊ नका, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. स्टार्टरपण सलग मारू नका, बॅटरी बसेल.

बांधावरून: फिल्टरचा रबरी वॉशर बघितला का? आमचा तिथूनच हवा ओढायचा, दोन दिवस उगाच पंपाला शिव्या घातल्या.

द्राक्षवाला: वॉशरच निघाला राव! जुना वर चिकटून राहिलेला, त्यावरच नवा बसवला होता मी 😅 काढला, हवा काढली, तिसऱ्या स्टार्टरला चालू. चाललो बागेत.