अमरत्व हुकलेले नायक आणि कीर्तीचे समाधान

सांजवेळ

गेले काही महिने मी महाकाव्ये सलग वाचत आहे. वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते, ती अशी की बहुतेक महाकाव्ये आपल्या नायकाला अमरत्वाच्या उंबरठ्यापर्यंत नेतात आणि तिथूनच परत पाठवतात. प्राचीन मेसोपोटेमियाच्या काव्यातील राजा गिल्गमेश याच्या हाती आलेली वनस्पती साप पळवतो. ग्रीक कवी होमरच्या इलियडचा नायक अकिलीस याची आई देवता असूनही तो मर्त्यच राहतो. भीष्मांना इच्छामरणाचा वर मिळतो, पण त्यातही मरण आहेच. प्रतिनायकांचीही गत निराळी नाही. अवध्यत्व मागताना रावण माणसाला खिजगणतीतही धरत नाही आणि शेवटी माणसाच्याच हातून मरतो.

यावर टीकाकारांचे ठरलेले उत्तर असे असते की देह गेला तरी कीर्ती उरते आणि तेच नायकाचे खरे अमरत्व होय. 'देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी' हे मनाच्या श्लोकांतील वचन ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो असल्यामुळे हे उत्तर चटकन पटतेही. मला मात्र ते अलीकडे फार सोयीचे वाटू लागले आहे. हे समाधान त्या काव्यांनी स्वतः दिलेले आहे, की आपण वाचकांनी ते त्यांच्या तोंडी घातले आहे? जाणकारांनी कृपया ग्रंथांतील प्रसंगांच्या आधारे लिहावे.

तळटीप

आपली शंका रास्त आहे. गिल्गमेशापुरते बोलायचे तर मी असे म्हणेन की त्या काव्यात कीर्तीचा विचार अगोदर येतो आणि अमरत्वाचा शोध नंतर, हा क्रम आपण सहसा लक्षात घेत नाही. देवदाराच्या अरण्याचा राखणदार राक्षस हुंबाबा याच्याशी लढायला निघताना गिल्गमेश सांगतो की आपण पडलो तरी नाव मागे राहील. म्हणजे आपण ज्याला अंतिम समाधान म्हणतो, ते या नायकाजवळ आरंभापासूनच होते. पुढे त्याचा जिवलग मित्र एन्किडू मरतो. सहा दिवस आणि सात रात्री गिल्गमेश त्याचे प्रेत मातीआड होऊ देत नाही आणि अखेर त्या प्रेताच्या नाकातून अळी गळून पडते. ती अळी पाहिल्यानंतर त्याला नाव, पराक्रम, कीर्ती यांपैकी काहीही पुरत नाही, आणि तो राज्य सोडून रानोमाळ भटकू लागतो.

पुढे प्रलयातून वाचलेला आणि देवांनी अमर केलेला उत्नपिश्तिम त्याची परीक्षा घेतो, तीही सहा दिवस आणि सात रात्री जागे राहण्याचीच. गिल्गमेश बसल्या जागी झोपतो. उत्नपिश्तिमची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते. तो जागा होतो तेव्हा पहिली भाकर वाळून कडक झालेली असते आणि सातवी अजून निखाऱ्यांवर असते. ज्याला झोप आवरत नाही तो मरण काय आवरणार, हे कवी एका शब्दानेही सांगत नाही. तो फक्त भाकरी मोजून दाखवतो. मला तरी साऱ्या काव्यातला हा सर्वांत निष्ठुर प्रसंग वाटतो.

एक किरकोळ दुरुस्ती सुचवतो. ती वनस्पती अमरत्व देणारी नव्हती, गेलेले तारुण्य परत आणणारी होती. गिल्गमेश ती लगेच खातही नाही. आपल्या उरुक नगरीला नेऊन आधी एखाद्या म्हाताऱ्याला खायला घालू, असे तो म्हणतो. वाटेत गार पाण्याचे तळे दिसते, तो आंघोळीला उतरतो आणि साप ती वनस्पती घेऊन जातो. शेवटी तो नावाडी उर्शनबीला उरुकची तटबंदी दाखवतो आणि आरंभी आलेल्याच ओळी पुन्हा येतात. तिथे कीर्तीचे नाव नाही, फक्त विटांचे वर्णन आहे. त्या विटांमध्ये सांत्वन पाहायचे की नाही, हे कवीने वाचकावर सोपवले आहे.

शिवाय ज्या कीर्तीच्या भरवशावर हे सारे उभे करायचे, ती कीर्ती सुमारे दोन हजार वर्षे जवळजवळ मातीखालीच होती. निनवे या प्राचीन नगराच्या ढिगाऱ्यातून आलेल्या मृत्तिकापट्टांवरील, याच काव्यातली प्रलयकथा जॉर्ज स्मिथ यांनी 1872 साली लंडनमध्ये वाचून दाखवली, त्यानंतर हा राजा पुन्हा लोकांच्या बोलण्यात आला.

पोथीवाला

होमरच्या बाबतीत टीकाकारांना सरसकट दोष देता येणार नाही, कारण 'अक्षय कीर्ती' हा शब्दप्रयोग खुद्द अकिलीसच्या तोंडी आहे. ऋग्वेदात 'श्रवः' (कीर्ती) आणि 'अक्षितम्' (अक्षय) हे शब्द जसे जोडीने येतात, त्याच धातूंपासून ही ग्रीक शब्दजोडी झालेली आहे, आणि हे साम्य जर्मन भाषाभ्यासक अडाल्बर्ट कून यांनी 1853 सालीच दाखवून दिले होते. म्हणजे ही कल्पना फार जुनी आहे, मागाहून चिकटवलेली नाही.

परंतु अकिलीस हे शब्द कोणत्या प्रसंगी उच्चारतो ते पाहावे. इलियडच्या नवव्या सर्गात त्याची समजूत काढायला मंडळी आली आहेत आणि तो लढायला नकार देत आहे. ट्रॉयपाशी लढलो तर घरी परतणे नाही पण अक्षय कीर्ती आहे, घरी गेलो तर कीर्ती नाही पण दीर्घायुष्य आहे, असे सांगून तो घरचाच रस्ता बरा म्हणतो. गुरेमेंढरे लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत आणता येत नाही, हेही त्याचेच म्हणणे. पुढे तो लढतो ते मारल्या गेलेल्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या सुडासाठी. बाराव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा सार्पेडॉन तर आपला सोबती ग्लॉकस याला मोकळेपणाने सांगतो की आपण अजर आणि अमर होणार असतो, तर मी आघाडीवर लढलो नसतो आणि तुलाही पाठवले नसते. कीर्ती येथे अमरत्वाच्या अभावी पत्करलेली आहे.

होमरच्याच ओडिसीच्या अकराव्या सर्गात, मृतांच्या लोकात, अकिलीसची छाया त्या काव्याचा नायक ओडिसियस याला सांगते की सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतात मजुरी करणे बरे. त्याच काव्यात कॅलिप्सो ही अप्सरा ओडिसियसला अमरत्व देऊ करते आणि तो ते नाकारतो, तेही कीर्तीसाठी नव्हे. आपली बायको पेनेलोपी रूपाने तुझ्यापुढे उणी आहे हे कॅलिप्सोपाशी मान्य करून तो घराची ओढ बोलून दाखवतो. महाकाव्यांतील अमरत्वाचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा नकार हाच.

अक्षरवेडा

महाभारतात हा वाद चक्क संवादरूपाने आला आहे, त्याची आठवण करून देतो. वनपर्वात सूर्य कर्णाला बजावतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन कवचकुंडले मागेल, ती देऊ नकोस. कर्ण म्हणतो की प्राण गेले तरी चालतील, मला कीर्ती हवी. त्यावर सूर्य उत्तर देतो की मेलेल्याला कीर्ती कळत नाही, ती जिवंत माणसानेच भोगायची असते. मेलेल्याची कीर्ती म्हणजे प्रेताच्या गळ्यातील माळ. आपली शंका प्रत्यक्ष सूर्यानेच बोलून दाखवली आहे, असे म्हणायला हरकत नाही. कर्ण अर्थातच ऐकत नाही.

त्याच पर्वात इंद्रद्युम्नाचे आख्यान आहे. पुण्य संपल्यामुळे हा राजा स्वर्गातून खाली पडतो आणि मार्कंडेयांना विचारतो की मला ओळखता का. ते नाही म्हणतात. मग त्यांच्याहून वयाने मोठे घुबड, घुबडाहून जुना बगळा, असे करीत सारे एका सरोवरातील अकूपार नावाच्या कासवापाशी येतात. त्या कासवाचे डोळे भरून येतात, कारण ते ज्या सरोवरात राहते ते राजाने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी बनलेले असते. साक्ष मिळताच स्वर्गातून रथ येतो आणि शब्द ऐकू येतात : 'दिवं स्पृशति भूमिं च शब्दः पुण्यस्य कर्मणः । यावत्स शब्दो भवति तावत्पुरुष उच्यते ॥' यातील 'यावत्' आणि 'तावत्' महत्त्वाचे. कीर्तीला मुदत आहे, आणि ती इतकी आखूड असू शकते की दीर्घायुषी मार्कंडेयांनाही राजा आठवत नाही.

सांजवेळ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुदतीवरून आठवले, अश्वत्थामा तरी खऱ्या अर्थाने अमर मानावा का?

अक्षरवेडा

सौप्तिकपर्वातील शापात तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याची शिक्षा आहे. सप्तचिरंजीवांच्या श्लोकात त्याचे नाव असले तरी त्या शापात मुदत स्पष्ट आहे. महाभारतात लांबलेले आयुष्य असे शिक्षा म्हणूनही येते, हे आपल्या मूळ प्रश्नाशी जोडून पाहावे.

इंद्रद्युम्नाविषयी एक सांगायचे राहिले. रथ दारात उभा असताना तो लगेच चढत नाही. या दोघा वृद्धांना जिथून आणले तिथे पोचवून येतो, तोवर थांबा, असे सांगतो आणि मार्कंडेयांना व त्या घुबडाला आधी आपापल्या जागी नेऊन सोडतो.