घरचा मामला की पोलिसांचा? अत्याचार कळवायच्या सक्तीनं पोरं वाचतात का?

खानापूरकर:
परवा पालकसभेत शिकवणी घेणाऱ्या एका बाई म्हणाल्या, एक पोर एका नातेवाइकाचं नाव काढलं की थरथर कापते. सभेचा सूर काय? "गप्प बसा, पोरीचं नाव खराब होईल." अहो, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवायचं बंधन तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांवर आहे. गुन्हा माहीत असून गप्प बसलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. घरचा मामला म्हणून झाकायची सोयच ठेवली नाही, ते उत्तम झालं.

निपाणीची सिस्टर:
सभेत बोलायला सोपं आहे. माझी उमर प्रसूती वॉर्डात गेली. सतराची, लग्न झालेली, पाचवा महिना लागलेली पोर येते. वय लिहिलं की अठराच्या आतली म्हणून आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. मग गल्लीत बातमी, आणि पुढची पोर दवाखान्यात येतच नाही. आपल्या कर्नाटकानं कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवलाय, म्हणून काहीजण लग्न महाराष्ट्रात कागलकडं जाऊन लावतात. तपासणी मात्र चुकते पोरीचीच.

खानापूरकर:
म्हणून लग्न लावणारे मोकळे सोडायचे?

निपाणीची सिस्टर:
तसं कुठं म्हटलं मी? लावणाऱ्यांना धरा की. पोरीला दवाखान्याची भीती नको, एवढंच.

तिसरं रेल्वे गेट:
वकिली करतो म्हणून सांगतो. जबाब पोरीच्या घरी किंवा ती सांगेल तिथं, शक्यतो महिला फौजदारानं, साध्या कपड्यांत घ्यायचा. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. नोंदीची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषी द्यायचा, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. जांबोटीकडचं पोर मराठीत सांगतं, कागदावर कन्नड उतरतं. एका प्रकरणात दुभाषी कोण, तर पोरीचा चुलता! त्याच्यासमोर ती काय बोलणार?

गोकाकवाला:
इथंही भाषावाद आणलात? आमच्याकडचे पोलीस मराठी चांगलं बोलतात की ओ.

तिसरं रेल्वे गेट:
बोलतात, मान्य. लिहितात कशात, ते बघा. वाद नकोच, दुभाषी मागा. मागतच नाही कोणी.

खानापूरकर:
उद्या त्या शिकवणीच्या बाईंना भेटून १०९८ ला, मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन करायला लावतो. पोरीच्या घरीही जाऊन येऊ का?

निपाणीची सिस्टर:
घरी अजिबात जाऊ नका. तो नातेवाईक त्याच घरात राहत असेल तर?